बहिऱ्या खोलीत बसवलेली बाई

प्रॅक्टिकलची परीक्षा आली की झुंबरबाईचं डोकं सकाळपासूनच तापायचं. आज तर सात खुर्च्या पुसायच्या होत्या, माठ भरायचा होता, बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक सरांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवायचा होता, आणि वरून विभागातली सगळी पोरं "मावशी, मावशी" करून तिच्या पदराला लोंबकळत होती.

"एका येळी एकानं बोला रे," ती म्हणत होती. "मी काय दहा तोंडाची हाये?"

बुलढाण्याच्या पठारावर, गावाच्या जरा बाहेर, विद्यापीठाचं हे मानसशास्त्राचं केंद्र. चार खोल्या आणि विभागप्रमुखांची केबिन, एवढाच कारभार. एकीत यंत्रं, एकीत कागदांची कपाटं, आणि पाठीमागं दोन खोल्या एकमेकीला चिकटून. त्यातली एक बहिरी. पोरं तिला साउंडप्रूफ म्हणत, झुंबरबाई बहिरी खोली म्हणे. भिंतीला आतून जाड स्पंज, दार लाकडाचं पण वितभर जाड, लावलं की बाहेर ढोल वाजवा, आत पत्ता लागायचा नाही. आत बसलेल्या माणसाला स्वतःचाच श्वास इतका मोठा ऐकू येई की दुसरंच कोणी शेजारी बसलंय असं वाटावं. दुसरी खोली अंधारी. दोन्हींच्या मधे एक काच. अंधाऱ्या खोलीतून बहिरीतलं सगळं दिसे, बहिरीतून मात्र नुसता आरसा. आतलं बोलणं ऐकायला अंधाऱ्या खोलीत एक डबा लावलेला, त्याला जाळी.

झुंबरबाई इथं सव्वीस वर्षं झाडू, पाणी, चहा आणि किल्ल्या सांभाळत होती. याशिवाय एक काम होतं, जे कुठल्याच कागदावर नव्हतं. या शिक्षणात प्रयोग करायला माणूस लागतो. त्याला पुस्तकात प्रयुक्त म्हणतात. ज्याचा त्यानं आपला प्रयुक्त घेऊन यायचा. कोणी बहीण आणे, कोणी रूमवरचा दोस्त. ज्याला कोणीच मिळत नसे तो झुंबरबाईला धरी. "मावशी, दोन मिनिटं या ना." तिनं आरशात बघून चांदण्या गिरवल्या होत्या. लाल दिवा लागला की बटण दाबलं होतं. शाईचा डाग दाखवून काय दिसतं विचारलं, तर म्हणाली होती, "डाग दिसून राह्यला. धुवून देऊ का?"

तिला अक्षर येत नव्हतं, पण कानावर पडलेलं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. स्मरणाच्या प्रयोगात पोरं बिनअर्थाच्या शब्दांच्या याद्या वाचून दाखवत. ऐकायच्या, आणि थोड्या वेळानं आठवतील तेवढ्या सांगायच्या. सामान्य माणसाला सहा-सात आठवतात. झुंबरबाईला बाराच्या बारा, आणि मागच्या साली वाचलेलेही. त्यामुळे आता तिला कोणी स्मरणाला बसवत नव्हतं.

अकरा वाजता तिची नात प्रेरणा धावत आली. मुलीची मुलगी, एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, शेवटचं प्रॅक्टिकल. त्यात नापास झालं की वर्ष गेलं.

"आजी, माही प्रयुक्त काजल नाही येऊन राह्यली. राजूर घाटात ट्रक आडवा झाला, गाड्या दोन्हीकडून उभ्या. आता मी कोणाले बसवू?"

"मले बसव."

"तुले नाही चालत. भाईरचे सर म्हणले, विभागातलं माणूस नको. अन् तू तं सगळं पाठ करून बसली आहेस."

"पाठ करणं गुन्हा झाला का व? इतकी पोरं शिकून गेली माह्या जिवावर." झुंबरबाईनं कपबश्या आदळल्या. "जाय, व्हरांड्यात उभी राह्य. जो दिसन त्याले धर. मले चहा नेऊ दे, नाहीतं तो बिनसाखरेवाला बोंबलन."

परीक्षक सर विभागप्रमुख पंजाबराव सरांच्या केबिनमधे बसले होते. चहा दिला, पाणी दिलं, पंखा मोठा केला, मग पंखा लहान केला. येईपर्यंत वीस मिनिटं गेली. व्हरांड्यात प्रेरणा नव्हती. बहिऱ्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता, म्हणजे आत प्रयोग चालू.

मिळालं वाटतं कोणीतरी, असं म्हणत ती रिकामे कप ठेवायला अंधाऱ्या खोलीत शिरली.

आत नेहमीसारखा कोंदट वास होता, जुन्या कागदांचा. पण त्यात आणखी काहीतरी. ओल्या मेथीचा. पाणी शिंपडून पोत्याखाली झाकून ठेवलेली मेथी, तिला सुटतो तसला. झुंबरबाईनं इकडंतिकडं बघितलं. मग काचेतून बघितलं.

प्रेरणा स्टुलावर बसली होती, पाठ काचेकडे. समोर खुर्चीत एक बाई. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर. काचेच्या पलीकडून तिला नुसता आरसा दिसत असणार. पण ती आरशात स्वतःला बघत नव्हती. ती झुंबरबाईकडं बघत होती. झुंबरबाई एक पाऊल डावीकडं सरकली. बाईची नजरही सरकली.

डब्याच्या जाळीतून प्रेरणाचा वैतागलेला आवाज येत होता.

"बाई, हे नाही. मी आत्ता काय वाचलं? ते सांगा ना."

"तेच सांगतो ना, माय." बाईचा आवाज हळू होता, घसा वाळल्यासारखा. "घिप... लुझ... टेव... नोढ..."

"हे माह्या यादीतच नाही. तुम्हाले कोणी वाचून दाखवलं हे? तुम्ही कोणाच्या प्रयुक्त आहा? मी आली तेव्हा बसूनच होत्या, म्हणून म्हटलं रिकाम्या असतील..."

"शेरव... खुम... डिळ..."

झुंबरबाईच्या हातातले कप टेबलावर ठेवायचे राहिले. ती यादी तिला माहीत होती. शेरव, खुम, डिळ, पागू. ती एकाच दिवशी वाचली गेली होती. बावीस वर्षांपूर्वी, अशाच परीक्षेत.

त्या दिवशी एका पोराचा प्रयुक्त आला नव्हता. तो रडकुंडीला आलेला. "मावशी, कोणाले तरी आणून द्या, नाहीतर मी मेलो." झुंबरबाईला तेव्हाही वैताग आला होता. ती तशीच फाटकावर गेली आणि मेथीचं टोपलं घेऊन चाललेल्या एका बाईला हात केला. गोजरबाई नाव सांगितलं तिनं, घाटाखालच्या कुठल्याशा मळ्यातली. "मी काय करू वो तिथं? मले लिवता येत नाही."

"काही करू नको. बसायचं अन् ऐकायचं. मी तुही मेथी पाहतो."

पोरानं यादी वाचली, ती झुंबरबाईनं अंधाऱ्या खोलीतल्या डब्यातून ऐकली. मग म्हणाला, "आता पंधरा मिनिटं शांत बसून राहा. मी येऊन विचारीन, तेव्हा सांगा." प्रयोगच तसा होता, मधे वेळ जाऊ द्यायचा आणि किती विसरलं ते बघायचं. तो बाहेर आला, तेवढ्यात तोंडी परीक्षेला हाक आली, तेवढ्यात लाइट गेली. तोंडी चांगली झाली. पोरगं खुशीत दोस्तांबरोबर निघून गेलं. पाच वाजता झुंबरबाईनं सगळ्या खोल्यांना कुलपं लावली. बहिऱ्या खोलीचंही दार ओढलं. आत डोकावली नाही. दिवाच नव्हता, काय डोकावणार.

रात्री घरी भाकरी थापताना टोपल्याची आठवण झाली. सकाळी धावत आली. टोपलं व्हरांड्यात तसंच, मेथी सुकलेली. कुलूप तसंच. किल्ली तिच्याच कमरेला. दार उघडलं तर आत कोणी नाही. खुर्ची रिकामी.

तिसऱ्या दिवशी दोन माणसं विचारत आली. झुंबरबाईनं सांगितलं, "हाव, आली होती. गेली इथून." गेलीच असणार, असं तिनं स्वतःलाही सांगितलं. बंद खोलीतून कशी गेली, ते तिनं बावीस वर्षं स्वतःला विचारलं नव्हतं.

डब्यातून आवाज आला. "बरं, राहू द्या," प्रेरणा म्हणत होती. तिला शिकवलं होतं तसं ती पुस्तकातलं वाक्य बोलली. "प्रयोग संपला. तुम्ही आता जाऊ शकता. धन्यवाद."

बाई उठली नाही. तिनं प्रेरणाचं मनगट धरलं.

"तू नाही बसवलं मले. ज्यानं बसवलं त्याले बलाव."

"सोडा ना बाई... हात गार आहे तुमचा. मले पेपर द्याचा आहे."

"तोवर तू बस माह्यापाशी. एकटीले लय वर्स झाले."

झुंबरबाई बहिऱ्या खोलीच्या दाराशी कशी पोचली ते तिला कळलं नाही. तिनं दार ओढलं. दार जडच होतं, पण आज ते आतून कोणीतरी ओढून धरल्यासारखं होतं. बोटभर उघडलं. मेथीचा वास भस्सकन बाहेर आला.

"आजी?" आतून प्रेरणा म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा. "आजी, मले उठता नाही येऊन राह्यलं."

"उठू नको. बसून राह्य. बोलत राह्य तिच्यासंग." झुंबरबाई फटीतून दिसणाऱ्या पदराकडं बघून म्हणाली, "वो गोजरबाई. पोरीले काही करू नको. मी आणतो त्याले."

"आणशीन का?" आतून आलं. "मागल्या टायमालेबी म्हटलं होतं, मेथी पाहतो म्हणून."

केबिनमधे पंजाबराव सर परीक्षकांना विभागाची माहिती देत होते. यंत्रं किती, संशोधनं किती, ध्वनिरोधक कक्षाचा उपयोग कसा होतो. झुंबरबाई दारातच उभी राहिली.

"सर, जरा भाईर या."

"झुंबरबाई, आम्ही बोलतो आहोत."

"ते दिसून राह्यलं मले. या."

"चहा झालाय आमचा."

"चहाले नाही बलावून राह्यली मी तुम्हाले." तिचा आवाज चढला. सव्वीस वर्षांत तो केबिनमधे चढला नव्हता. "बहिऱ्या खोलीत तुमची प्रयुक्त बसली हाये. तिले उठवा."

सर हसले, परीक्षकांकडं बघून. "माझी? माझं प्रॅक्टिकल होऊन जमाना झाला, बाई."

"घिप," झुंबरबाई म्हणाली. "लुझ. टेव. नोढ. शेरव. खुम."

सरांचं हसू ओठावरच राहिलं. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं, मग परत उचललं, मग पुन्हा ठेवलं. ती यादी त्यांनी स्वतः बनवली होती, होस्टेलच्या खोलीत बसून, आदल्या दिवशी. पंजाबराव तेव्हा सर नव्हते.

व्हरांड्यातून जाताना ते हळूच म्हणाले, "बाई, ती बाई तर गेली होती ना? तुम्हीच म्हणाल्या होत्या त्या माणसांना."

"अन् तुम्ही तिले म्हटलं होतं का, जा म्हणून?"

सर पुढं चालत राहिले. दाराशी आले आणि थांबले. तिनं त्यांच्या पाठीला हात लावला. सरांच्या पाठीला हात लावायची ती पहिलीच वेळ. सदरा घामानं ओला होता.

दार या वेळी आपसूक उघडलं. प्रेरणा स्टुलावर ताठ बसली होती, चेहरा पांढरा, मनगट त्या बाईच्या हातात. गोजरबाईनं मान वळवून पंजाबरावांकडं बघितलं. बावीस वर्षांनी केस पिकलेला, पोट सुटलेला माणूस, तरी तिनं ओळखायला वेळ लावला नाही.

"आला का," ती म्हणाली. "पंधरा मिंटं म्हणला होता रे तू."

"प्रयोग..." सर म्हणाले. त्यांनी परत सुरू केलं. "प्रयोग संपला. तुम्ही आता..."

"असा कसा संपला. पयले इचार तं. मी पाठ करून बसली हाये."

सर झुंबरबाईकडं बघायला लागले. झुंबरबाई चिडून म्हणाली, "माह्याकडं काय पाहता? इचारा. तिचं काम तिनं केलं, तुमचं तुम्ही करा."

"सांगा," पंजाबराव म्हणाले. "आठवतील तेवढे सांगा."

गोजरबाईनं बारा शब्द सांगितले. एकेक, सावकाश, मधे श्वास न घेता. त्या स्पंजाच्या भिंती आवाज पिऊन टाकत होत्या, तरी शेवटचा शब्द खोलीत कितीतरी वेळ राहिला.

"बरोबर हाये?"

"बरोबर आहे. सगळे."

"तू वहीत सात लिवले."

सरांनी मान खाली घातली. त्या दिवशी तोंडीच्या रांगेत उभं राहून त्यांनी तो आकडा मनानंच टाकला होता. सात बरा दिसतो म्हणून.

"बारा होते. बारा लिवजो." मग ती थांबली, वाट बघत.

"प्रयोग संपला," पंजाबराव म्हणाले. आता ते रडत होते. "तुम्ही आता जाऊ शकता, गोजरबाई. धन्यवाद."

तिनं मनगट सोडलं. उठली. लुगडं झटकलं, बावीस वर्षं बसून चुरगळलेलं झटकावं तसं. आणि त्यांच्या मधून बाहेर गेली. सरांच्या आणि झुंबरबाईच्या मधे वितभरही जागा नव्हती. व्हरांड्यात चार-पाच पोरं उभी होती, जर्नलं चाळत. त्यांच्यातल्या एकानंही मान वर केली नाही. फाटकापर्यंत फरशीवर ओले ठिपके पडले होते, पाणी निथळत्या टोपल्यातून पडतात तसे. एप्रिलच्या उन्हात ते वाळायला संध्याकाळ झाली.

प्रेरणाचं प्रॅक्टिकल तीन वाजता झालं. काजल अडीचला घामाघूम पोचली होती. प्रेरणाच्या मनगटावर चार बोटांची निळी खूण होती, ती तिनं ओढणीनं झाकली. पंजाबराव सर आजारी आहेत सांगून घरी गेले.

झुंबरबाईला वाटलं होतं, आता आपला जीव हलका होईल. तो झाला नाही. रात्रभर तिला एकच गोष्ट टोचत राहिली, आणि सकाळी प्रेरणा आली तेव्हा ती तिच्यावरच घसरली.

"तुमच्या या शिक्षणाचं काही खरं नाही. मले एक सांग. मले इतक्या पोरांनी बसवलं. उठ म्हणून कोणी म्हटलं का एकानं तरी? झालं मावशी, चहा ठेवा, एवढंच. मी काय प्रयुक्त नव्हती?"

प्रेरणानं हसायचा प्रयत्न केला. मग आजीचा चेहरा बघितला आणि हसली नाही.

जुनी जर्नलं कपाटात होती. दोघींनी दुपारी ती काढली. प्रेरणा वाचत गेली, प्रयुक्ताचं नाव झुंबरबाई, प्रयुक्ताचं नाव झुंबरबाई, आणि झुंबरबाई कपाळाला हात लावत गेली. माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप होता, त्यात नंबर होते. प्रेरणानं एकेकाला फोन लावला. स्पीकर सुरू करून ती म्हणे, "माह्या आजीले एक वाक्य म्हणा फक्त." शिवम नागपुरात बँकेत होता, त्यानं हसत हसत म्हटलं. संजीवनी शाळेवर होती, तिनं काय झालं मावशी म्हणून दहा प्रश्न विचारले आणि मग म्हटलं. एकानं "वेळ नाही" म्हणून फोन ठेवला, त्याला झुंबरबाईनं दुसऱ्यांदा फोन लावायला लावला आणि झापलं. प्रत्येक वाक्यानंतर तिचे गुडघे जरा हलके होत होते. चाळीस वर्षांच्या बाईसारखी ती मांडी बदलत होती.

"आता हा," प्रेरणा म्हणाली. "प्रज्वल. यानं तुले तीनदा बसवलं आहे."

"हाव, तो. लय कंटाळवाणा. घड्याळ हातात घेऊन बसे."

रिंग बराच वेळ वाजली. मग उचलला. पलीकडं एक बारीक टिकटिक ऐकू येत होती, वेळ मोजायच्या घड्याळाची.

"प्रज्वलदादा, मी झुंबरबाईची नात बोलतो. तुम्ही आजीले प्रयोगात बसवलं होतं. तिले फक्त म्हणा, प्रयोग संपला..."

"अजून वेळ झालेली नाही," पलीकडून सावकाश आवाज आला. "बसून राहा, बाई. मी येऊन विचारीन."

फोन कट झाला नाही. टिकटिक चालूच राहिली. प्रेरणानंच बोट दाबून तो बंद केला. मग ग्रुपमधे मागं मागं जात राहिली, दोन वर्षांपूर्वीपर्यंत, आणि मोबाइल तिच्या हातात तसाच राहिला.

"काय व? काय लिवलं तिथं?"

प्रेरणानं पडदा आजीपुढं केला. अक्षर वाचता येत नसलं तरी तेवढं झुंबरबाईला कळलं. प्रज्वलचा हसरा फोटो होता, आणि त्याला झेंडूचा हार घातलेला होता.

बाहेर कोणीतरी "मावशी, पाणी" म्हणून हाक मारली. झुंबरबाईनं उठायला जमिनीला हात टेकला होता. तो तिनं हळूच उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

"हे पोरगं तवाबी असंच होतं," ती म्हणाली. "एक काम येळेवर संपवत नव्हतं."

बाहेरून पुन्हा हाक आली. ती उठली नाही.